वासराचा पहिला तास

तुमच्यापैकी अनेकांनी लहान वर्गात इस्माईल मेरठी यांची 'हमारी गाय' ही कविता पाठ केली असेल. गाईसारखे जनावर दिल्याबद्दल तीत परमेश्वराचे आभार मानले आहेत. पुढे मराठीच्या तासाला गाईवर निबंध लिहायला सांगितला, की आपण दुधापासून सुरुवात करतो. दूध, दही, लोणी, तूप, शेण, बैल अशी यादी तयार होते आणि निबंध संपतो. या यादीत एक प्राणी बहुधा राहूनच जातो. तो म्हणजे गाईचे वासरू. खरे पाहता गाईला दूध येते ते त्याच्यासाठी. वासरू जन्मले नाही, तर दूधही नाही.

आईच्या मायेला मराठीत 'वात्सल्य' म्हणतात. उर्दूत तुम्ही 'ममता' म्हणता. 'वात्सल्य' हा शब्द 'वत्स' या संस्कृत शब्दापासून बनला आहे. वत्स म्हणजे वासरू. लाडाने मुलालाही वत्स म्हणत असत. एखादी आई मोठ्याने रडू लागली, की 'तिने हंबरडा फोडला' असे आपण म्हणतो. हंबरणे हे तर गाईचे ओरडणे. माणसाच्या आईबद्दल बोलताना आपली भाषा अशी पुन्हा पुन्हा गोठ्यात जाते. त्या गोठ्यात काय घडते, ते मी एकदा जवळून पाहिले आहे.

मी सातवीत होतो. आम्ही उदगीरजवळच्या एका गावात राहत होतो. आमच्या शेजारी एक चाचा राहत असत. त्यांच्याकडे देवणी जातीची एक गाय होती. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, रुंद कपाळ आणि लोंबते कान. तिचे नाव चांदणी. ती पहिल्यांदाच गाभण होती. अशा गाईला पहिलारू म्हणतात. चांदणी व्याली की चीक आपल्याला मिळणार, म्हणून माझ्या आईने आठ दिवस आधीच एक पातेले चाचांच्या घरी नेऊन ठेवले होते. चीक म्हणजे गाय व्याल्यानंतरचे पहिले दूध. उर्दूत त्याला प्योसी म्हणतात. त्यात गूळ आणि वेलदोडे घालून ते वाफवले, की खरवस होतो. मला खरवस फार आवडे.

गाय नऊ महिन्यांहून थोडी अधिक, म्हणजे सुमारे २८० ते २९० दिवस गाभण असते. दिवस भरत आले, की तिची कास मोठी होते, सड फुगतात आणि शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खळगे पडतात. जाणती माणसे हे खळगे पाहून 'आज किंवा उद्या' असे सांगतात. गाईचे वागणेही बदलते. ती चारा अर्धवट टाकते. बसते, उठते, पुन्हा बसते, जमीन हुंगते. रानात मोकळी चरणारी गाय अशा वेळी कळप सोडून एकटी बाजूला जाते आणि उंच गवताचा किंवा झुडपांचा आडोसा शोधते. दाव्याला बांधलेली गाय कोठे जाणार? ती जागच्या जागी फिरत राहते.

पोटात वासरू एका पातळ पिशवीत, पाण्यात तरंगत असते. या पिशवीला पाणमोट म्हणतात. व्यायच्या वेळी ती फुटते आणि पाणी जमिनीवर सांडते. येथे एक विलक्षण गोष्ट घडते. गाय हे गवत खाणारे जनावर. असल्या पाण्याच्या वासापासून ती एरवी दूर राहते. पण व्यायच्या सुमारास तोच वास तिला हवाहवासा वाटतो. पाणी जेथे सांडले असेल, ती जमीन ती हुंगते आणि चाटू लागते. वासरू बाहेर येते ते याच पाण्याने भिजलेले असते. म्हणून जमीन चाटणारी जीभ आपोआप वासराकडे वळते.

हा बदल तिच्या मेंदूत होतो. वासरू बाहेर येताना गाईच्या शरीरावर जो ताण पडतो, त्याचा संदेश मेंदूला मिळतो आणि मेंदू ऑक्सिटोसिन नावाचे द्रव्य सोडतो. या द्रव्यामुळे गर्भाशय आकुंचन पावते. याच द्रव्यामुळे पुढे कासेत दूध उतरते. आणि आईला आपल्या पिलाची ओढ लागते, त्यातही याच द्रव्याचा वाटा असतो. एकाच किल्लीने तीन कुलपे उघडावीत, तसे हे आहे.

वासरू बहुधा पुढच्या पायांवर डोके ठेवून बाहेर येते. पाण्यात सूर मारणाऱ्या मुलासारखे ते दिसते. ते जमिनीवर पडले, की अनुभवी गाय काही मिनिटांतच उठते, वळते आणि त्याला चाटू लागते. पहिला तासभर ती बहुतेक हेच काम करते. तिची जीभ खरखरीत असते. लहानपणी तुमचा हात एखाद्या गाईने चाटला असेल, तर तो खरखरीतपणा तुम्हांला आठवत असेल. त्या जिभेने वासराचे अंग पुसले जाते, केस कोरडे होतात आणि थंडी कमी लागते. नाकातोंडावरचा चिकट पडदा निघतो. अंग चोळले गेल्यामुळे रक्त खेळू लागते आणि श्वास नीट चालतो. आपण थंडीने गारठलेल्या माणसाचे हातपाय चोळतो ना, तसेच.

चाटताना गाय आणखी एक काम करीत असते, पण ते डोळ्यांना दिसत नाही. ती वासराचा वास शिकत असते. गाईच्या दृष्टीने 'माझे वासरू' म्हणजे आधी एक वास असतो. रंग, आकार आणि आवाज यांची ओळख मागाहून पक्की होते. हे शिकण्याची वेळ मात्र फार थोडी असते. १९७७ साली हडसन आणि मुलॉर्ड या संशोधकांनी दुभत्या गाईंवर प्रयोग केले. व्याल्याबरोबर केवळ पाच मिनिटे वासरू जवळ राहिले, तरी गाय त्याला आपले मानते, असे त्यांना आढळले. पण जन्मल्याबरोबर वासरू दूर नेले आणि पाच तासांनी परत आणले, तर निम्म्याच गाईंनी ते स्वीकारले.

हे त्या वेळी आमच्या गल्लीत कोणालाच माहीत नव्हते. म्हणून पुढचा प्रकार घडला.

चांदणी व्याली ती डिसेंबरातल्या एका रात्री. चाचा लेकीच्या गावी गेले होते. घरी त्यांचा मोठा मुलगा होता. त्याला आम्ही सारे भाई म्हणत असू. वासरू जमिनीवर पडले. पहिलारू गाय ती, घाबरून एकदम उठली आणि दावे ताणून मागे सरकली. पायाशी ही काय ओली वस्तू हलते आहे, ते तिला कळेना. पहिल्यांदा व्यालेल्या गाई अशा गोंधळतात. त्यांना थोडा वेळ द्यावा लागतो. पण भाईला वाटले, ही आता वासराला तुडवणार. शिवाय थंडी कडाक्याची होती. त्याने वासरू उचलून घरात नेले. गरम पाण्याने स्वच्छ धुतले, टॉवेलने पुसले, घोंगडीत गुंडाळले आणि चुलीजवळ ठेवले. सारे काही त्याने मायेनेच केले. पहाटे तो वासरू घेऊन गोठ्यात आला.

चांदणीने वासराला हुंगले आणि फुरफुरून शिंगाने बाजूला ढकलले. वासरू पुन्हा आले. ती पुन्हा ढकलू लागली. ते कासेकडे गेले, तर तिने लाथ मारली. भाईचा चेहरा उतरला. ज्या वासाने तिने त्याला ओळखायचे, तोच वास त्याने साबण लावून धुऊन टाकला होता.

तुम्ही म्हणाल, गाईने नाही पाजले तर बाटलीने दूध पाजावे. त्यात काय एवढे? पण येथे चिकाचा प्रश्न येतो. माणसाच्या बाळाला रोगांशी लढणारी काही द्रव्ये आईच्या पोटातच मिळतात. वासराला ती तशी मिळत नाहीत. ते जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात ती जवळजवळ नसतातच. ती सारी चिकात असतात. म्हणून चीक पिवळसर आणि दाट असतो. वाफेवर तो घट्ट होतो, तोही त्यातील प्रथिनांमुळेच आणि त्या प्रथिनांत मोठा भाग या लढाऊ द्रव्यांचा असतो. वासराचे आतडे ही द्रव्ये जशीच्या तशी रक्तात घेऊ शकते, पण ते केवळ पहिल्या दिवशीच. पहिल्या काही तासांत ही शक्ती सर्वांत जास्त असते, मग ती झपाट्याने कमी होते आणि २४ तासांनंतर ते दार बंद झाल्यासारखे होते. वासराला त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा चीक पहिल्या दिवशी मिळावा, त्यातला निम्मा तरी पहिल्या काही तासांत मिळावा, असे गुरांचे डॉक्टर सांगतात. वीस किलोचे वासरू असेल, तर हा हिशेब दोन लिटरांचा होतो. तो चुकला, तर हगवण किंवा श्वासाचा रोग होऊन वासरू दगावू शकते.

चाचा सकाळच्या पहिल्या एस. टी. ने आले. त्यांनी गाय पाहिली, वासरू पाहिले आणि भाईला काहीही न बोलता बाह्या सरसावल्या. आधी त्यांनी चांदणीला आखूड बांधले, चुचकारले आणि जमेल तेवढा चीक काढला. मग एका वाडग्यात चीक घेऊन, वासराच्या तोंडात आपली दोन बोटे घालून, ते त्याला पाजू लागले. बोटे चोखता चोखता वासरू चीक ओढू लागले. तोपर्यंत मी पातेले आठवून तेथे गेलो होतो. चाचांनी ते रिकामेच माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "बेटा, भाभींना सांग, या खेपेला खरवस नाही."

मला थोडे वाईट वाटले, हे कबूल केले पाहिजे.

त्यानंतर चाचांनी एक युक्ती केली. गाय व्याल्यानंतर काही तासांनी पोटातली वार बाहेर पडते. चांदणीची वार नुकतीच पडली होती. मोकळी गाय पुष्कळदा ती खाऊन टाकते. वासाने लांडगे-कोल्हे जवळ येऊ नयेत म्हणून ती असे करीत असावी, असे म्हणतात. चाचांनी ती वार वासराच्या पाठीवरून आणि मानेवरून चोळली. आमच्यातली काही मुले नाक धरून पळाली. मग चाचांनी त्याच्या अंगावर थोडा कोंडा आणि खडे मीठ चोळले. गाईला मिठाची चव आवडते. मिठासाठी का होईना, तिने एकदा जीभ लावली पाहिजे, असा त्यांचा विचार होता.

दुपारपर्यंत काही झाले नाही. संध्याकाळी चांदणीने वासराची पाठ हुंगली, एकदा चाटली आणि मान फिरवली. थोड्या वेळाने ती पुन्हा चाटू लागली. या वेळी ती थांबली नाही. गोठ्याबाहेर आम्ही दहा-बारा माणसे अंधारात चूप उभी होतो. मग तिच्या घशातून एक आवाज आला. तोंड मिटलेले आणि आवाज खोल, घुमणारा. तो आवाज मी तोपर्यंत कधी ऐकला नव्हता.

पुढे मोठा झाल्यावर या आवाजाविषयी मी वाचले. इंग्लंडमध्ये काही संशोधकांनी कुरणात मोकळ्या राहणाऱ्या गाई-वासरांचे आवाज ध्वनिमुद्रित केले. त्यांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. गाय आपल्या वासराशी दोन प्रकारांनी बोलते, असे त्यांना दिसले. वासरू जवळ असते, तेव्हा तोंड मिटून खालच्या पट्टीत, सेकंदाला सुमारे ८१ कंपनांचा आवाज. वासरू नजरेआड झाले, की वरच्या पट्टीत, सुमारे १५३ कंपनांचा. हा दुसरा आवाज म्हणजे आपल्या ओळखीचे हंबरणे. प्रत्येक गाईचा आणि प्रत्येक वासराचा आवाज वेगळा असतो, हेही त्या अभ्यासात सिद्ध झाले. आपल्याला सगळ्या गाई सारख्याच हंबरताना ऐकू येतात. वासराला तसे वाटत नाही.

निरोगी वासरू साधारण अर्ध्या ते एका तासात उभे राहायला लागते. आधी मागचे पाय ताठ करते, मग पुढचे. दोन-चारदा तोंडावर आपटते. उभे राहिले, की ते सड शोधू लागते. पण सड कोठे असतात, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. ते कधी गाईच्या पुढच्या पायांमध्ये तोंड घालते, तर कधी भिंतही चोखते. जाणती गाय अशा वेळी स्थिर उभी राहते आणि वासराची मागची बाजू चाटत राहते. त्यामुळे वासराचे तोंड आपोआप कासेकडे वळते. नवखी गाय मात्र वासराकडे तोंड करण्यासाठी गोल गोल फिरते आणि कास त्याच्यापासून दूर नेते.

वासरू कासेला ढुशी मारते, सड चोखते. त्याचा संदेश मेंदूकडे जातो आणि पुन्हा ऑक्सिटोसिन सुटते. कासेतले दूध सडांत उतरते. याला मराठीत 'पान्हा फुटणे' असा सुंदर शब्दप्रयोग आहे. आपल्या देशी गाईंपैकी अनेक गाई वासरू पुढे आल्याशिवाय पान्हा सोडत नाहीत. म्हणून धार काढण्यापूर्वी वासराला थोडे पिऊ देतात, मग त्याला गाईच्या तोंडाशी बांधतात. वासरू मेले, तर काही ठिकाणी त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढे ठेवत. गाय ते हुंगे, चाटे आणि पान्हा सोडे. हे दृश्य ज्यांनी पाहिले, त्यांना ते विसरता येत नाही. काही लोभी लोक तर दूध उतरावे म्हणून गाईला ऑक्सिटोसिनची सुई टोचतात. दूध वाढवण्यासाठी जनावराला अपाय होईल अशी सुई टोचणे हा १९६० च्या प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या कायद्याने गुन्हा आहे.

रानात मोकळ्या असलेल्या गाईचे वासरू पहिले काही दिवस आईमागे फिरत नाही. बकरीची पिलेही अशीच लपून राहतात, पण मेंढीचे कोकरू जन्मल्या दिवसापासून आईच्या मागे चालू लागते. वासरू गवतात मुटकुळे करून निजून राहते. आई दूर चरते आणि दूध पाजायला परत येते. म्हणून माळावर एकटे वासरू दिसले, तर ते टाकून दिलेले आहे असे समजू नका. त्याची आई जवळपास असते आणि ती तुम्हांला पाहत असते. एरवी अगदी गरीब असलेली गाय अशा वेळी डोके खाली घालून, जमीन खुराने उकरून अंगावर येते. विशेषतः बरोबर कुत्रा असेल, तर तिला थांबवणे कठीण. नुकत्याच व्यालेल्या गाईच्या आणि वासराच्या मधून कधीही जाऊ नये. वासरे थोडी मोठी झाली, की कळपातली पुष्कळ वासरे एकत्र बसतात. बाकीच्या गाई चरायला जातात तेव्हा एखाद-दुसरी गाय त्यांच्याजवळ थांबते.

माणसाने अडवले नाही, तर गाय आपल्या वासराला किती दिवस पाजते? राइनहार्ट पती-पत्नींनी केनियातील वशिंड असलेल्या गाईंच्या कळपाचा अभ्यास करून १९८१ साली याचे उत्तर दिले. कालवडीला सरासरी नऊ महिन्यांच्या आसपास आणि गोऱ्ह्याला अकरा महिन्यांनंतर आईने स्वतःच तोडले. पण दूध तुटले, तरी नाते तुटले नाही. आई आणि तिची मुले पुढेही कित्येक वर्षे एकमेकांजवळ चरत आणि एकमेकांना चाटत असत.

मोठ्या दुग्धशाळांत वासराला पहिल्या दिवशीच आईपासून दूर करतात. मग चीक आणि दूध बाटलीने पाजतात. दूध मोजता येते, रोग पसरत नाहीत, असे चालकांचे म्हणणे. शिवाय गाय आणि वासरू जितके दिवस एकत्र राहतील, तितका त्यांचा आक्रोश नंतर जास्त होतो. हेही खरे. दुसऱ्या बाजूने, आईजवळ राहिलेली वासरे पहिल्या आठवड्यांत कितीतरी भरभर वाढतात. आता काही देशांत गाय-वासरू एकत्र ठेवून दूध काढण्याचे प्रयोग चालू आहेत. आपल्या गोठ्यांतली जुनी पद्धत, थोडे वासराला आणि थोडे माणसाला, मला तरी यात अधिक शहाणपणाची वाटते. मात्र तिच्यातही वासराचा वाटा प्रामाणिकपणे सोडला पाहिजे. खरवसाचेही तसेच आहे. पुष्कळ गाईंना वासराच्या गरजेपेक्षा जास्त चीक असतो. उरलेल्याचा खरवस खुशाल करावा.

चांदणीने तिसऱ्या दिवशी वासराला मोकळे उभे राहून पाजले. ती कालवड होती. तिच्या अंगावरही आईसारखेच काळे ठिपके होते. भाई रोज सकाळी तिच्याजवळ जाऊन बसे, पण आता तो तिला उचलत नसे. आमचे पातेले पुढच्या वेती भरून आले आणि मला खरवस मिळाला. त्यानंतर वर्षभराने आम्ही ते गाव सोडले. निघताना मी चाचांच्या गोठ्यात गेलो. कालवड आता आईच्या खांद्याएवढी झाली होती. दोघी एकाच गव्हाणीशी उभ्या होत्या. चांदणीचे धाकटे वासरू खाली पीत होते आणि ती मान लांब करून थोरल्या लेकीचा कान चाटत होती.